खिशात मावणारा आवाज

प्रवासाला निघताना मी कपड्यांच्या आधी चार्जर भरते, यावरून घरात माझी पुरेशी थट्टा होऊन गेली आहे. माझं काम मुद्रितं तपासायचं. खांदा धरायला लागला तसा लॅपटॉप पाठीवर टाकून हिंडणं सुटलं आणि हातात मावणाऱ्या चिमुकल्या संगणकांचा नाद लागला. असे बरेच हाताळले, काही विकले, एक तर चालत्या एसटीच्या खिडकीतून खाली पाडला. एवढ्या भांडवलावर ओळखीपाळखीत मी या विषयातली जाणकार ठरले. हे जाणकारपण कितपत खरं, ते या मार्गशीर्षात नंदुरबार जिल्ह्यात कळलं.

झालं असं की मंगलचा फोन आला. मंगल माझी धुळ्याच्या वसतिगृहातली खोलीसोबतीण. लग्न होऊन ती शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीला गेली ती तिथलीच झाली. तिच्या नवऱ्याचं नाव हिलाल, पण अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. घशाच्या आजारानं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. श्वास आता गळ्याशी ठेवलेल्या भोकातून चालतो, त्यावर कायम एक पातळ फडकं. बाकी माणूस धडधाकट, फक्त आवाज गेला.

"तुझ्याकडे ते छोटं यंत्र आहे ना गं, टाइप केलं की बोलणारं? तसलं एक ह्यांच्यासाठी आण," मंगल म्हणाली. "सारंगखेड्याच्या यात्रेच्या आत. हे चंद्रीला विकायचं म्हणताहेत."

चंद्री म्हणजे आबांची घोडी. आबांच्या दोन हाकांमध्ये ती वाढली, असं मंगल म्हणायची. एक हाक जवळ बोलवायची, एक रागवायची. आता दोन्ही हाका बंद, आणि घोडी आबांकडे येईनाशी झाली होती. खुंट्याला बांधून ठेवली तर उभी राही, सोडली की मळ्याच्या टोकाला जाऊन उभी. आबांनी मनाशी ठरवलं होतं, जी आपली राहिली नाही ती ठेवायची कशाला. मंगलला मात्र आशा होती की आवाज परत आला, कसलाही का होईना, तर घोडी राहील. आणि घोडी राहिली तर हा माणूस घराबाहेर पडेल. कारण शस्त्रक्रियेनंतर आबांनी पारावर जाणं सोडलं होतं, कुणाच्या लग्नालाही ते गेले नव्हते.

नाशकातल्या माझ्या ओळखीच्या दुकानदाराला मी हे सगळं सांगितलं. त्यानं दोन यंत्रं माझ्या हवाली केली. "वापरून बघा. हवं ते ठेवा, दुसरं परत आणा," म्हणाला.

### ब्राह्मणपुरी

उसाचे ट्रॅक्टर, पपईच्या बागा आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, असं करत पोचले तेव्हा मंगल अंगणात वांगी भाजत होती. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यावर हातभर लांबीची हिरवी वांगी. आबा शेजारीच खाटेवर बसले होते. मला बघून उठले, हात जोडले, ओठ हलवले. ओठांवरून मला काही कळलं नाही. मंगलनं लगेच सांगितलं, "बस म्हणताहेत. खांदा कसा आहे विचारताहेत."

जेवायला भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वर कच्चं तेल. आमच्याकडे भरीत म्हणजे दही घालून केलेली कोशिंबिरीची बहीण. इथं बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचलेली मिरची डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय सोडत नाही. मी वास घेत म्हटलं, "काय खमंग सुटलाय!" आणि जीभ चावली. श्वास नाकातून जात नसल्यानं आबांना आता वास फारसा येत नाही, हे मंगलनं फोनवर सांगितलेलं होतं. आबांनी माझं तोंड बघितलं, हसले, आणि भरिताकडे बोट दाखवून मग डोळ्याकडे बोट नेलं. वास गेला, रंग दिसतो.

जेवणानंतर मी यंत्रं बाहेर काढली. तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवरही बोलणारी सोय असते. ती करून झाली होती. नांगर-लगाम धरून आबांच्या बोटांची कातडी अशी झाली आहे की काच त्यांचं बोट ओळखतच नाही. गळ्याला लावून गुणगुणणारं एक यंत्रही दवाखान्यातून दिलं होतं. त्या आवाजानं चंद्री अशी बुजली की कुंपण मोडून गेली. म्हणजे पाहिजे ते असं: दाबली की दबल्याचं कळेल अशी बटणं, खिशात मावेल असा आकार, आणि ऐकवेल असा आवाज.

पहिलं यंत्र महागडं. किंमत म्हणाल तर या भागात त्यात एक बऱ्यापैकी शिंगरू आलं असतं. चष्म्याच्या घरासारखं उघडायचं, आत रेशमासारखी बटणं, चटकन सुरू व्हायचं आणि वृत्तनिवेदकाच्या आवाजात बोलायचं. दुसरं त्याच्या पाचव्या हिश्शात मिळणारं. जाडजूड, राखाडी, रबरी बटणांवर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या, गळ्यात अडकवायला दोरी. गोदामात माल मोजणारी माणसं वापरतात त्या जातीचं. सुरू करायचं बटण दाबलं की बारीक 'टुंईऽऽ' करायचं आणि मग विचारात पडल्यासारखं बसायचं. चहा गाळून होईपर्यंत काही नाही. बोलायचं तेही घसा खरवडून, एकेक शब्द सुटा.

मंगलनं तिथल्या तिथं बारसं केलं. पहिल्याचं नाव नवरदेव, दुसऱ्याचं हमाल.

माझं मत ठरलेलं होतं. मी आबांना नवरदेवाचे गुण सांगितले, हमालाचे दोष सांगितले, आणि किंमत आयुष्यात एकदाच मोजायची असते, गैरसोय रोज, हे माझं ठेवणीतलं वाक्यही टाकलं. सुरतला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचंही हेच म्हणणं होतं. पैसे तोच देणार होता. फोनवर तो मला म्हणाला, "मावशी, सगळ्यात भारी घ्या. आबांच्या आवाजात काटकसर नको."

आबांनी नवरदेव हातात घेतला. बटणं इंग्रजी अक्षरांची. मराठी शब्द इंग्रजीत टाकायचा, मग तो मराठी करून दाखवणार. मला याची इतकी सवय की ही अडचण असू शकते हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आबांचा अंगठा एका वेळी तीन बटणं दाबायचा. बऱ्याच खटपटीनंतर नवरदेव सुरेल आवाजात म्हणाला, "मंगल, पाणी."

मंगल उठली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाली, "इतके महिने झाले, पहिला शब्द काय तर पाणी. जसा नवरा होता तसाच परत आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात परीक्षा झाली. मंगलला खरी उत्सुकता याचीच होती. चंद्री तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा चांद, आणि नजर अशी की आपण काहीतरी चुकलोय असं वाटावं. आबांनी तिला सोडलं. ती मळ्याच्या टोकाला गेली. नवरदेवानं स्पष्ट शुद्ध आवाजात हाक मारली, "ये चंद्रे." घोडीनं कान मागं टाकले आणि पाठ केली. मग हमाल. टुंईऽऽ झालं, आणि ते सुरू होईपर्यंत करायचं काय म्हणून आबा गुळाची भेली फोडत बसले. शेवटी हमाल खरवडला, "ये. चंद्रे." घोडीनं शेपटीनं माशी हाकलली.

"जिभेनं टकटक करता येत नाही का त्यांना?" मी मंगलला हळूच विचारलं.

"येते की. पण टकटक म्हणजे तिला पुढं चल. ती अजून लांब जाते," मंगल म्हणाली आणि घरात निघून गेली. आबा गूळ मुठीत घेऊन मळ्याच्या टोकापर्यंत चालत गेले, घोडीला भरवला, दाव्याला धरून परत आणली. मला फार वाईट वाटलं. कोणतंही यंत्र आणलं असतं तरी हे असंच होणार, हे तेव्हाच कळून चुकलं.

त्याच सकाळी हमाल गव्हाणीत पडला, ओल्या भुशात. मंगलनं पदरानं पुसला, तो पुन्हा टुंई करून सुरू झाला. नवरदेवाला मात्र तिनं देवाच्या चांदीच्या वाट्यांशेजारी कपाटात ठेवलं होतं. "नाकापेक्षा मोती जड व्हायला नको," म्हणाली. मी तिला म्हटलं, अगं, कपाटातला आवाज कुणाच्या कामाचा? त्यावर ती म्हणाली, "मग तू सांग, तो पडला तर सुरतेला फोन कोण करेल?"

### प्रकाशा

आबांना घराबाहेर काढायचं म्हणून आम्ही प्रकाशाला गेलो. निमित्त महादेवाचं. तापी इथं रुंद, संथ, आणि घाटावर यात्रेकरू डुबक्या मारत होते. आबा दर वर्षी इथं गळाभर पाण्यात उभे राहत. आता गळ्याच्या भोकात पाणी गेलं तर जिवाशी खेळ. ते पायरीवर बसले, पावलं तेवढी पाण्यात सोडली, आणि पोहणाऱ्यांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं काही बोलून दाखवायला कुठल्याच यंत्राची गरज नव्हती.

खरी गंमत झाली चहाच्या टपरीवर. आबांनी नवरदेव उघडला आणि तो म्हणाला, "कृपया तीन चहा द्या. एक बिनसाखरेचा." 'कृपया' आबांनी टाकलंच नव्हतं, ते यंत्रानं पदरचं घातलं. टपरीवाला घाईनं फडका झटकत उठला. "हो साहेब, लगेच देतो साहेब, आपण बसावं." बोलला कुणाशी, तर यंत्राशी. आबांकडे त्यानं बघितलंही नाही. वर आजूबाजूची चार माणसं जमली. एकानं विचारलं, "हाई काय शे? किती ले भेटस?" दुसरा म्हणाला, "आजून काय काय बोलस? गाना बोलस का?" आबांनी झाकण मिटलं. चहा संपेपर्यंत ते नदीकडे तोंड करून बसले.

परतीच्या रिक्षात मंगल म्हणाली, "त्या टपरीवर हे निदान हजारदा चहा प्यायलेत गं. तो ह्यांना आबा म्हणायचा. आज साहेब म्हणाला."

त्या संध्याकाळी आबांनी हमाल गळ्यात अडकवून पाहिला. सुरू केला, वाट बघितली. अंगठ्यानं ठोकून ठोकून एकेक अक्षर. मंगल समोर बसून तोंडाकडे बघत होती, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग हमाल म्हणाला, "भरीतमा. मीठ. कमी. व्हतं."

"हे सांगायला दोन दिवस घेतलेत तुम्ही!" मंगल म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "एक फायदा आहे बघ याचा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस बोलायच्या आधी विचार करतोय."

आबा हसले. हसण्याचा आवाज नव्हता, खांदे हलत होते. मी आल्यापासून त्यांना असं हसताना प्रथमच बघितलं. तरी माझं मत बदललं नव्हतं. नवरदेवातलं 'कृपया' काढून टाकता येईल, देवनागरी पट्ट्याही चिकटवता येतील, असं मी मनात मांडत होते. वेगाला पर्याय नाही, असं मला ठामपणे वाटत होतं.

### सारंगखेडा

यात्रेला निघताना मंगलनं मला आबांचा नियम सांगितला. आबा तरुणपणापासून या बाजारात घोड्यांच्या सौद्यात मध्यस्थ म्हणून उभे राहत. भाव ठरतो तो रुमालाखाली. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल पांघरतात, आणि बोटांनीच बोलतात. कुठलं बोट, किती पेरं, किती दाब, यात सगळी घासाघीस होते, बघणाऱ्यांना काही कळत नाही. पण आबा ज्या सौद्यात उभे, तिथं एक गोष्ट ठरलेली असायची. भाव रुमालाखाली, खोड उघड्यावर. भाव जुळला की जनावरात काय खोड आहे ती विकणाऱ्यानं चारचौघांत, मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं सांगायची. त्यावर घेणारा नाही म्हणाला तर सौदा मोडला, कुणी रागवायचं नाही.

"म्हणून त्यांना आवाज पाहिजे," मंगल म्हणाली. "मी विचार करत बसले घोडी थांबवायचा, आणि ह्यांना यंत्र हवंय ती रीतसर विकायला." तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. एरवी कुणापुढं रडणारी बाई नाही ती.

तापीवरचा पूल ओलांडला की यात्रा दिसायच्या आधी ऐकू येते. घुंगरं, ताशे, पाळण्यांचे भोंगे. दत्ताच्या दर्शनाची रांग एकीकडे आणि दुसरीकडे घोड्यांच्या रांगाच रांगा. पांढरे, काळे, तांबडे, चारी पाय पांढरे असलेले. बघणारे आधी घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे तपासतात. भोवरा वाईट जागी असला तर जनावर कितीही गुणी असो, गिऱ्हाईक पुढं सरकतं. मला हसू आलं, मग आठवलं की मीही एक चांगलं यंत्र नुसतं रंग आवडला नाही म्हणून सोडलं होतं.

आबांना बघून माणसं उठून येत होती. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी गळ्यातल्या फडक्याकडे बघून नजर वळवली. आबा ताठ होते, पण चंद्रीचा लगाम त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. थोड्या वेळानं मालेगावचे उस्मानचाचा आले. पांढरी दाढी, डोळ्यात सुरमा. आबांचे बाजारातले जुने जोडीदार. त्यांनी चंद्रीचे दात पाहिले, पाय उचलून खूर पाहिले, चार पावलं चालवून बघितली. मग काही न बोलता खांद्यावरचा रुमाल काढला आणि आबांच्या हातावर टाकला.

आणि मी आबांना बोलताना पाहिलं. दुसरा शब्द नाही त्याला. रुमाल हलत होता, चाचांच्या भुवया वर जात होत्या, आबांची मान नकार देत होती, चाचा कुरकुरत होते, "क्या आबा, इतना नही रे भाऊ," पुन्हा रुमाल हलत होता. आबांचा चेहरा खुलला होता. ते रुबाबात होते, खट्याळ होते, अडून बसत होते. एवढे महिने ज्याला बोलता येत नाही म्हणून आम्ही कळवळत होतो, तो माणूस इथं सगळ्यांत बोलका होता. मला वाटलं, दोन्ही यंत्रं तापीत टाकावीत.

भाव जुळला. चाचांनी रुमाल काढून घेतला. आता खोड सांगायची.

आबांनी आधी नवरदेव काढला. माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटतं माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. उन्हात त्याचा पडदा आरशासारखा चमकू लागला, त्यात आबांना स्वतःचंच तोंड दिसत असणार. मी ओढणीची सावली धरली. बऱ्याच वेळानं नवरदेवानं घोषणा केली, "ही घोडी ट्रॅक्टरला घाबरते." इतका गोड, स्पष्ट आवाज, की आजूबाजूची माणसं वळली. मोबाइल वर झाले. "देखा देखा, यंत्र बोली ऱ्हायनं!" कुणी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "आबा, त्याले सांगा, सारंगखेडानी यात्रा जोरदार शे म्हन!" सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, कौतुकच होतं. पण खोड कुणी ऐकलीच नाही. चाचासुद्धा यंत्राकडे बघत होते.

आबांनी झाकण मिटलं आणि नवरदेव माझ्या हातात दिला. गळ्यातला हमाल पुढं ओढला, बटण दाबलं. टुंईऽऽ.

मग वाट बघणं. मोबाइल धरलेली माणसं थोडा वेळ उभी राहिली. टिपायला काहीच नव्हतं. एकानं हात खाली केला, दुसरा पाळण्याकडे निघाला. हळूहळू गर्दी पांगली. ज्यांना या सौद्याशी घेणंदेणं होतं तेवढी माणसं राहिली, आणि ती यंत्राकडे नाही, आबांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी आयुष्यभर यंत्राचा वेळखाऊपणा हा दोषच धरत आले. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला आवडला.

हमाल खरवडला. "ट्रॅक्टरले. बुजस."

चाचांनी मान डोलावली. आबा पुन्हा ठोकू लागले.

"पावसाळामा. डावा. पाय. जपना."

चाचांनी पुन्हा मान डोलावली. आबांचा अंगठा थांबला. मला वाटलं संपलं. पण त्यांनी घाम पुसला आणि परत सुरू केलं. यावेळी फार वेळ लागला. मंगल माझा हात घट्ट धरून उभी होती.

"तिसरी. खोड. मन्हा. आवाज. बिगर. हाई. कोनाकडे. येत. नही."

चाचांनी चंद्रीकडे बघितलं, मग आबांच्या गळ्यातल्या फडक्याकडे. म्हणाले, "मंग आते तुन्हाकडे कशी येस?"

साधा प्रश्न होता. घोडं घेणारा कुणीही विचारेल असा. आबांनी मान खाली घातली आणि अक्षरं शोधली.

"ती. येत. नही," हमाल म्हणाला. "मीच. जास."

मंगलच्या तोंडून हुंदका निघाला. चाचांनी रुमाल झटकून नीट घडी केला, खांद्यावर टाकला आणि चंद्रीच्या कपाळावरच्या चांदावर तळहात ठेवला.

"आबा," ते म्हणाले, "इन्हाकडे चालीसन जानारा शे तवलोंग इले ठेव. मी जानार नही इतला लांब. घर लई जा."

सौदा मोडला. नियमाप्रमाणे कुणी रागवलं नाही. आबा रडत होते. पण त्यांनी चाचांना ओढत चहाला नेलं, आणि हमालानं तिथं गरम जिलबीही मागवली. टपरीवाला उभा राहून वाट बघत होता, "सांगा आबा, सांगा, घाई नही," म्हणत.

### पुन्हा ब्राह्मणपुरी

निघायच्या दिवशी सकाळी सुरतेचा फोन आला. मुलगा नाराज होता. "भारीतलं घ्या म्हटलं होतं ना मी? पैशाचा विचार कशाला केला?"

पैशाचा विचार कुणी केलाच नव्हता, हे मी त्याला सांगणार होते. तेवढ्यात आबांनी फोन मागितला. हमाल सुरू होईपर्यंत मुलगा तिकडे थांबला. त्याला थांबणं भागच होतं. मंगल म्हणाली की एरवी तो दोन वाक्यांत फोन ठेवतो. शेवटी हमाल म्हणाला, "घोडं. दात. देखीसन. लेतस. झूल. देखीसन. नही." घोडं दात बघून घेतात, झूल बघून नाही, हे ऐकून तिकडे मुलगा हसला. मग त्यानं, जरा चाचरत, कपाशी किती निघाली ते विचारलं, आणि उत्तराची वाट बघत राहिला.

मी नवरदेवाला पिशवीत घातलं. मोकळेपणानं मान्य करते, वाईट यंत्र नाही ते. मी स्वतः आजही तसलंच वापरते, माझं सगळं लिखाण त्यावर होतं, हेसुद्धा त्यावरच लिहिते आहे. माझ्या बोलण्याची वाट कुणाला बघावी लागत नाही, म्हणून मला ते परवडतं. कुणाला काय वापरता येईल हे मी आजवर हातांवरून ठरवत होते. समोर ऐकणारा कोण आहे हे कधी विचारलं नव्हतं.

मंगलनं बांधून दिलेली वांगी आणि कळण्याचं पीठ घेऊन मी अंगणात उभी होते. रिक्षा यायची होती. आबा मळ्याकडे निघाले होते, रोजच्यासारखे, चंद्रीला आणायला. ती टोकाला उभी, आमच्याकडे पाठ करून. आबांनी गव्हाणीच्या कडेवर बसून हमालाचं बटण दाबलं. टुंईऽऽ. मग सवयीनं भेली काढली आणि गूळ फोडू लागले. गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं, आधी टुंई, मग गूळ.

चंद्रीनं मान वळवली.

आबांचं लक्ष नव्हतं. ते गूळ मुठीत घेऊन उठले आणि चालू लागले. काही पावलं गेल्यावर त्यांनी वर बघितलं आणि जागच्या जागी उभे राहिले. मंगलनं माझा दंड धरला. घोडी येत होती, चालत, मध्ये एकदा थांबून, पुन्हा निघून. अर्धा मळा तिनं कापला. आबांच्या हाताशी येऊन तिनं मुठीत नाक खुपसलं.

यंत्र अजून सुरूच होत होतं.